इंदिराबाईंना सोबतीला घे

अगं, आधी जेवून घे, मग हे वाच. दुसऱ्या शिफ्टला उपाशीपोटी जायची तुझी ही नवी सवय मला मुळीच आवडलेली नाही.

परवा तू म्हणालीस, "ताई, हातात व्हर्नियर असतो तोवर मन ठिकाणावर असतं. पीण्या इंडस्ट्री स्टेशनचा जिना चढायला लागले की संपलंच." त्यात तुझं काही चुकत नाहीये. शेडमध्ये रडायला जागा नाही, वेळ नाही, मग ते रडू मेट्रोत गाठतं. येऊ दे की. नागसंद्र येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडलीस तर कुणाचं काय जातं? खरं सांगू का, मला काळजी तुझ्या रडण्याची नाही, "आता सावर बाई" म्हणून गावाकडून येणाऱ्या फोनांची आहे. नवऱ्याचं दुःख किती महिने करायचं, हे दुसऱ्या कुणी ठरवायचं नसतं गं.

म्हणून तुला एका बाईंची ओळख करून देते. तुझ्याच बेळगावच्या कवयित्री इंदिरा संत. शाळेत एखादी कविता पाठ केली असशील, ती मार्कांपुरती. आता वाच. पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकताना ना. मा. संतांशी सूर जुळले, लग्न झालं, आणि दोघांच्या कवितांचं एकच पुस्तक निघालं, 'सहवास'. पुढे 1946 मध्ये संत गेले. इंदिराबाई तेव्हा 32 वर्षांच्या, मुलं लहान. बेळगावात शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी शिकवलं, पुढे प्राचार्य झाल्या. म्हणजे सकाळी उठून कामाला जाणं त्यांनाही चुकलं नाही. आणि त्यातच 'शेला' हा संग्रह आला 1951 मध्ये, 'मेंदी' 1955 मध्ये, 'मृगजळ' 1957 मध्ये. बघ, 11 वर्षं उलटली होती, तरी कवितेत संत होतेच. कुणाला दाखवायला नव्हे, हाक मारल्यासारखे. ही कविता स्वतःच्या दुःखाबाहेर पडत नाही, असं म्हणणारे आहेत. मला नाही पटत. एकाच माणसाची आठवण इतकी वर्षं खोटी न करता लिहिणं सोपं असतं होय?

'मृगजळ'पासून सुरू कर. बहुतेक कविता छोट्या आहेत, दोन स्टेशनांत एक वाचून होते. एका दिवशी एकच. आणि एखादी वाचवेना झाली तर सरळ पान उलट, परीक्षा नाहीये ही.

इंदिराबाईंनी जात्यावरच्या ओव्याही जमवल्या, त्या ओव्यांचं पुस्तक 'मालनगाथा'. पहाटे दळणाऱ्या बायका स्वतःच रचायच्या, स्वतःच गायच्या, माहेरचं, सासरचं, गेलेल्या माणसाचं. हात थांबवायची सोय त्यांनाही नव्हती. तू मशीनच्या आवाजात गुणगुणतेस ना, ते बंद करू नकोस. वहीत चार ओळी लिहाव्याशा वाटल्या तर लिही. छापायच्या नाहीत की कुणाला दाखवायच्या नाहीत.

आता कामाचं बोलते, कंटाळू नकोस. तुझ्या नवऱ्याच्या पी. एफ.चे कागद अजून ट्रंकेत पडलेत ना? नॉमिनी तू आहेस. पी. एफ.च्या रकमेसाठी 20 नंबरचा फॉर्म, तुझ्या पेन्शनसाठी 10-डी आणि विम्यासाठी 5-आयएफ. हा विमा असतो हे पुष्कळ बायकांना माहीतच नसतं, आणि तो 7 लाखांपर्यंत मिळू शकतो. मृत्यूचा दाखला, आधार, पासबुक यांच्या झेरॉक्स काढून एका पिशवीत ठेव. त्याच्या कारखान्याच्या एच. आर.कडे सही मागताना घाबरू नकोस, उपकार नाहीत ते. मायक्रॉनमधला फरक पकडणारी पोरगी तू, तीन फॉर्म तुला जड नाहीत.

रविवारी ते कागद घेऊन माझ्याकडे ये, आपण दोघी बसून भरू. 'मृगजळ' काढून ठेवलंय, तेही घेऊन जा, परत द्यायची घाई करू नकोस.