घरच्या घरी जपानी

प्रश्न : मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या तालुक्यात जपानीचा वर्ग नाही. घरी शिकता येईल का?

उत्तर : नक्की येईल. पहिल्या महिन्यात हिरागाना आणि काताकाना या लिप्या हाताने लिहून पक्क्या करा. प्रत्येकीत 46 मूळ अक्षरे आहेत. रोमन लिपीच्या आधाराने शिकू नका; ती सवय पुढे वाचनाचा वेग रोखते.

मग एकच पाठ्यपुस्तक निवडा. ‘मिन्ना नो निहोंगो’ किंवा ‘गेन्की’ चांगली आहेत. खर्च टाळायचा असेल, तर जपान फाउंडेशनचे ‘इरोदोरी’ ध्वनिफितींसह संकेतस्थळावर मोफत मिळते. मराठीसारखेच जपानीत क्रियापद शेवटी येते आणि विभक्तीदर्शक शब्द नामानंतर लागतात, त्यामुळे वाक्यरचना तुम्हाला लवकर जमेल. कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरे, मात्र चिकाटी मागतात. नित्यवापराच्या अधिकृत यादीत 2136 कांजी आहेत. रोज चार-पाच, त्याही शब्दांतून शिका. उजळणीसाठी ‘आन्की’ अॅप वापरा.

जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची एन-5 ही पहिली पायरी. ती जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. पुणे हे तिचे एक केंद्र आहे. या परीक्षेत बोलण्याची चाचणी नसते. म्हणून तिच्या तयारीत बोलण्याचा सराव मागे पडू नये, यासाठी रोज संवाद ऐकून मोठ्याने म्हणा. आठवड्यातून एकदा चार तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास अधिक फळ देतो. आजच सुरुवात करा.