पायडल न थांबणारी सायकल

सायकल आपल्या ओळखीची आहे. पायडल मारले की ती पळते. पाय थांबवले तरी थोडे अंतर ती आपोआप जाते. उताराला तर पाय हलवावाच लागत नाही. ही करामत मागच्या चाकावरच्या फ्रीव्हीलची. पाय थांबले की ते कटकट वाजते आणि चाक मोकळे फिरते.

पण फ्रीव्हील नसलेली सायकलही मिळते. तिची मागची दातेरी चकती चाकाला घट्ट बसवलेली असते. चाक फिरते तोवर पायडल फिरणारच. तिला फिक्स चाकाची सायकल म्हणतात. शहरातली पोरे ती हौसेने घेतात. आपल्या नगर जिल्ह्यातला एखादा मुलगाही उद्या ती मागेल. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण बोलताना तोंडात नगरच येते.)

ही नवी टूम नव्हे, बरे का! पूर्वी सायकली अशाच असत. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. सायकलीवर बसायला शिकवायचे ते १५ रुपये घेत. पुढे याच किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आपल्या रानात आला. त्या काळी सायकलीला फ्रीव्हील नसे. ते १९०० च्या सुमारास सर्रास बसू लागले. शिकायला लोक पैसे मोजत, यात नवल ते काय? आपण डावा पाय पायडलवर ठेवतो, उजव्या पायाने रेटा देतो आणि टांग मारतो. या सायकलीवर तसे जमत नाही. पायडल पायाखालून फिरत जाते.

मग तिच्यात गंमत काय? सपाट रस्त्यावर ती फार गोड चालते. प्रवरेच्या कालव्याकाठी सकाळी निघावे. कटकट नाही, खडखड नाही. पायाचा जोर वाढवला की वेग वाढतो. पायाने मागे दाबले की वेग कमी होतो. चाक आणि पाय एकजीव झाल्यासारखे वाटतात. भाग थोडे, म्हणून बिघाडही थोडा.

आता घेताना काय पाहावे? आधी दाते मोजावेत. समजा, पुढच्या चकतीला ४८ दाते आहेत आणि मागच्या चकतीला १६. ४८ भागिले १६ म्हणजे ३. पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ३ वेळा फिरते. २८ इंची चाक एका फेऱ्यात सुमारे सव्वासात फूट जाते. खात्री करायची असेल तर टायरवर चुन्याची खूण करा आणि चाक जमिनीवर फिरवून मोजा. ३ फेऱ्यांचे झाले सुमारे २२ फूट. ताशी २४ किलोमीटर वेगाला मिनिटाला ६० वेळा पायडल मारावे लागते.

आता करंजी घाट उतरत आहोत असे धरा. वेग ४८ झाला, तर पाय मिनिटाला १२० वेळा फिरतील. पाय काढून घेता येत नाहीत. ठेवले तर आवरत नाहीत. म्हणून पुढे आणि मागे दोन्ही ब्रेक असल्याशिवाय ही सायकल घेऊ नये. ब्रेक नसला तर ती दिसायला सुबक दिसते, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, दिसण्यासाठी हातपाय मोडून घ्यायचे काय?

दुसरा धोका चेनीचा. धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर चेनीत गेला, तर फ्रीव्हीलच्या सायकलीवर पाय थांबवून निभावते. इथे चाक फिरत राहते आणि कापड ओढले जाते. चेनीवर झाकण बसवून घ्यावे. चाक फिरवत चेन कधीही पुसू नये, बोट तुटते. लहान मुलांना तर जवळ फिरकू देऊ नये. चेन फार सैलही नसावी. मधोमध बोटाने हलवून पाहावी, अर्धा इंच हलली की पुरे.

दुधाच्या किटल्या न्यायच्या, घाट चढायचा-उतरायचा, तर आमचे मत असे की फ्रीव्हीलचीच सायकल घ्यावी. हौस असेल तर एक युक्ती आहे. काही सायकलींच्या मागच्या चाकाला एका बाजूला फिक्स चकती आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील असते. चाक काढून उलटे बसवले की काम झाले. दुकानात असे चाक मागून पाहावे.

पैसे देण्याआधी फ्रेमवरचा नंबर शोधा. तो सीटखालच्या नळीवर किंवा पायडलच्या खाली ठोकलेला असतो. बिलावर तोच नंबर आहे ना, ते स्वतः वाचून पाहा. नसेल तर दुकानदाराला लिहायला सांगा. घरी आल्यावर वहीत तारीख, किंमत आणि नंबर उतरवून ठेवा. सायकल चोरीला गेली, तर पोलिसांना हाच नंबर सांगावा लागतो.