दसरा यंदा दुसरं कुणी काढेल

धाकटे, काल फोनवर दोनदा विचारलं, 'दुखतंय का गं?' तर म्हणालीस, 'एवढं काही नाही.' आईसुद्धा हेच म्हणायची. विळा लागून बोट कापलं तरी तिचं आपलं 'एवढं काही नाही'. सोसणारी बाई शहाणी, असं आपल्याकडे कुणी ठरवलं कुणास ठाऊक. खांद्याच्या ऑपरेशनात मात्र ते शहाणपण चालत नाही. मी यातून आधी गेले आहे, म्हणून आज जरा सविस्तर सांगते. भाऊजी जवळ असतील तर त्यांना बाहेर पाठव, काही गोष्टी आपल्या बायकांच्या आहेत.

तुझा आणि माझा, दोघींचा खांदा 'उलटा' बसवलाय. फऱ्याच्या हाडावर वाटी असते तिथे आता गोळा आहे आणि दंडाच्या हाडात वाटी. आतले बारीक स्नायू फाटून कामातून गेले होते, म्हणून हात उचलायचं काम आता खांद्यावरच्या जाड स्नायूवर सोपवलंय. ही युक्ती पॉल ग्रामाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांची, १९८५ च्या आसपासची. त्याआधी १८९३ मध्ये पॅरिसला पेआँ नावाच्या सर्जनने क्षयाने सडलेल्या खांद्यात प्लॅटिनम आणि रबराचा सांधा घातला होता. तो दोनेक वर्षांत काढावा लागला. तुझा तसा नाही, तो टिकायला केलाय. पण त्यासाठी जे कापलं, ताणलं, शिवलं, ते जुळून यायला वेळ लागतो आणि तोवर ते बोंबलणारच.

दवाखान्यात पहिली रात्र बरी गेली, कारण मानेजवळ सुई देऊन हात बधिर केलेला होता. तो बधिरपणा साधारण दिवसभरात उतरतो आणि मग खरी कळ येते. त्यानंतर शिरेतून औषध चालू होतं, नर्स वेळेवर येत होती. घरी नर्स नाही, घड्याळ आहे. ठणका लागल्यावर गोळी घ्यायची, असं मनात असेल तर काढून टाक. कळ एकदा डोक्यात चढली की तीच गोळी निम्मंसुद्धा काम करत नाही. डॉक्टरांनी जी वेळ लिहून दिली आहे त्या वेळेला, दुखत नसलं तरी, पहिले काही दिवस घ्यायचीच. कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत घेतलेल्या गोळीची वेळ लिही. रात्री झोपेत 'घेतली का नाही' हा घोळ होतो, लिहिलेलं असलं की होत नाही. रात्रीची गोळी, दोन बिस्किटं आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेव, चांगल्या हाताच्या बाजूला.

गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं नातवाकडून वाचून घे. पॅरासिटामॉल हे नाव किती पाकिटांवर येतं ते त्याला मोजायला सांग. आपल्याकडे दुखण्याच्या बऱ्याच गोळ्यांत ते दुसऱ्या औषधाबरोबर मिसळलेलं असतं. मग अंग गरम वाटलं म्हणून घरातली ६५० ची वेगळी घेतली की नकळत दुप्पट होतं. धडधाकट माणसालासुद्धा दिवसाला ४ ग्रॅमच्या वर ते चालत नाही. तू किडकिडीत, तुझी मर्यादा त्याहून कमी असू शकते, ती डॉक्टरांनाच विचार. सूज उतरवणाऱ्या गोळ्या जेवल्यावरच. तुला बीपी आहे, लघवीची गोळी चालू आहे, हे डॉक्टरांना परत एकदा सांग. सुजेची आणि लघवीची, या दोन गोळ्यांचं आणि मूत्रपिंडाचं एकत्र पटत नाही. ट्रॅमाडॉलसारखी जड गोळी असेल तर गरगरतं, मळमळतं. रात्री मोरीकडे जाताना एकटी उठू नकोस. पडलीस तर सगळंच परत. आणि त्या गोळीने पोट गच्च होतं. पाणी, पपई, पातळ भाजी, रात्री इसबगोल. पोट साफ नसलं की खांदासुद्धा जास्त दुखतो, हे मी अनुभवाने सांगते, कोणत्या पुस्तकात आहे का माहीत नाही.

पुडी देणाऱ्याकडे मात्र जायचं नाही. एका दिवसात उड्या मारायला लावणाऱ्या पुडीत बहुधा स्टिरॉइड असतं. साखर वाढते, जखम चिघळते. भेटायला येणाऱ्या बाया केळी, बिस्किटं आणतील आणि सोबत सल्ले: अमक्या गावचा हाडवैद, तमकं तेल, विटेचा शेक. केळी ठेवून घे. पहिल्या आठवड्यांत शेक नाही, चोळणं तर अजिबात नाही. बर्फ लाव. प्लास्टिकच्या पिशवीत चुरा, त्यावर ओलं फडकं, पंधरा-वीस मिनिटं, मग काढायचा. ड्रेसिंग भिजू द्यायचं नाही. लाइट जाणार हे धरूनच चाल. दोन पिशव्या फ्रिजात, आणि लाइट असताना एकदा लावून घ्यायचं. फिजिओने सांगितलेली हालचाल करायच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी, नंतर बर्फ. गोळी असते ती हालचाल आणि झोप यांच्यासाठी.

झोपेचं बोलते, कारण सगळ्यात वाईट वेळ रात्रीची. सपाट पडलं की कोपर मागे ओघळतं आणि पुढचे टाके ताणतात. भिंतीला लोड, त्याला दोन उशा, अर्धवट बसून झोप. कोपराच्या मागे वाकळेची घडी घाल, इतकी जाड की पडल्या पडल्या नजर खाली केलीस तर स्वतःचं कोपर दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर घडी वाढव. मला फिजिओने ही एवढी एक खूण सांगितली आणि रात्र बदलली. झोळीचा पट्टा मानेला रुतत असेल तर खाली मऊ रुमाल घाल. निम्मी दुखणी मानेची असतात आणि आपण खांद्याच्या नावावर खपवतो. मनगट कोपरापेक्षा थोडं वर हवं, नाही तर बोटं सुजतात. बांगड्या काढल्यास ना? काढ. कुणी काय म्हणेल ते मला सांगायला लाव. मूठ उघड-मीट दिवसभर चालू ठेव.

आता बायकांचं. तुझा डावा खांदा. त्यात गोम अशी की तो हात पाठीमागे नेऊन खाली दाबणं, हीच चाल उलट्या सांध्याला सगळ्यात घातक. आणि आपण मोरीत, संडासात डाव्या हाताने नेमकं तेच करतो. उजव्या हाताने, पुढून धुवायचं. लाज वाटते, पण सांधा निखळला तर जास्त लाजेचे दिवस येतील. शक्य असेल तर पाण्याचा फवारा लावून घे, नाही तर खुर्चीचा कमोड भाड्याने आण. जमिनीवर बसायचं नाही, कारण उठताना तोच हात टेकवला जातो. ब्लाउज विसर, पुढून बटणं असलेला गाऊन घाल. घालताना आधी दुखरा हात, काढताना तो शेवटी. काखेत घामाने चट्टे उठतात: थोडं पुढे वाक, हात आपोआप अंगापासून सुटतो, मग सुनेकडून ओलं फडकं फिरवून कोरडं करून घे.

टाके काढायला सोलापूरला जाशील तेव्हा निघायच्या आधी गोळी घे, गाडीत पुढे बस, हाताखाली उशी ठेव आणि पट्टा खांद्यावर घासत असेल तर मध्ये टॉवेल. गतिरोधकावर ड्रायव्हरला आधीच दम दे.

मला काळजी या दुखण्याची नाही गं. माझी काळजी ज्या दिवशी ते थांबेल त्या दिवसाची. चौथ्या-पाचव्या आठवड्यात एक सकाळ अशी येईल की जाग येईल आणि खांदा गप्प असेल. बरोब्बर तेव्हाच घटस्थापना जवळ आलेली असेल आणि घरोघर दसरा काढायला सुरुवात झालेली. वाकळा धुवायच्या, फडताळं पुसायची, भांडी घासायची, हौद भरायचा. तुझा हात आपोआप कळशीकडे जाईल. दुखणं गेलं म्हणजे आतलं जुळलं, असं नसतं. शिवलेलं पक्कं व्हायला सहा आठवडे लागतात, आणि वजनाच्या कामाला साधारण तीन महिने तरी. तुझा नेमका आकडा डॉक्टर सांगतील. तोवर त्या हाताला चहाच्या कपापेक्षा जड काही नको. काटवटीत पीठ मळणंही नाही.

बसून राहतेस म्हणून आत्याबाई कुरकुरल्या तर त्यांना तुळजापूरची आठवण दे. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की आई भवानी पौर्णिमेपर्यंत पलंगावर निजते. श्रमनिद्राच म्हणतात तिला. महिषासुर मारून आलेल्या देवीला निजायला कुणी नावं ठेवत नाही. यंदा कोजागिरीला पायी जायचा हट्टही नको. गर्दीतला एक धक्का पुरतो.

आणि हे लक्षात ठेव: कमी होत आलेलं दुखणं एकदम वाढलं, ताप आला, जखम लाल होऊन पाणी सुटलं, हात बधिर पडला, 'खट्' होऊन हात हलेनासा झाला, पोटरी सुजली किंवा दम लागला, तर 'एवढं काही नाही' म्हणायचं नाही. त्याच वेळी दवाखान्यात फोन, रात्रीचे दोन असले तरी.

दसरा काढायला मी येते दोन दिवस. भाकरीची चिंता करू नकोस, सोलापूरहून ज्वारीच्या कडक भाकरीची पाकिटं आणि शेंगाची चटणी भाच्याबरोबर पाठवलीय. आमटीत कुस्करायला सुनेला सांग, एका हाताने खाता येतं.