बेल्ट सँडर घेताय? आधी बेल्ट बघा, मग मशीन



व्हिडिओमध्ये मी मशीन चालवून दाखवलं. पण दुकानात पैसे मोजायच्या आधी जो हिशोब करायचा असतो, तो लिहून ठेवलेलाच बरा. म्हणून हा धडा. वही-पेन घेऊन बसा.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

प्रशिक्षणाच्या कामात येण्याआधी माझं लाकडी वस्तूंचं छोटं वर्कशॉप होतं. पाट, चौरंग, देव्हारे बनवायचो. एका वर्षी गणपतीच्या आधी चाळीस चौरंगांची ऑर्डर आली. हाताने पॉलिश पेपर मारून एवढं काम उरकणार नव्हतं, म्हणून घाईघाईत एक बेल्ट सँडर घेतला. ऑफर होती, खोक्यावर वॅट भरपूर लिहिलेले होते, वर तीन बेल्ट फुकट. मशीन चाललंही छान! पंधरा चौरंग झाले आणि तिन्ही बेल्ट संपले. बाजारात गेलो, तर त्या मापाचा बेल्ट एकाही दुकानात नाही. "मागवावे लागतील, पंधरा दिवस धरा," असं उत्तर मिळालं. चतुर्थीला उरले होते नऊ दिवस.

घरातली सगळी माणसं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हाताने घासत बसली. अठ्ठावीस चौरंग वेळेवर गेले, बारा राहिले. गणपती बसल्यावर चौरंग कोण घेणार? आणि ज्या दुकानदाराने ऑर्डर दिली होती, त्याने पुढच्या वर्षी फोनच केला नाही.

यात मशीन बिघडलं नव्हतं, हे लक्षात घ्या. तरीही धंदा अडला. भरवशाचं मशीन म्हणजे ज्याचा बेल्ट आणि सुटे भाग तुमच्या गावात, तुम्हाला हवे तेव्हा मिळतात ते मशीन. आजच्या धड्याचं सार एवढंच. आता पायरीपायरीने बघू.

पायरी 1 : तुम्हाला बेल्ट सँडर लागतो का?

बेल्ट सँडर हे लाकूड *काढायचं* मशीन आहे. रंध्याच्या खुणा, जोडलेल्या फळ्यांमधला उंच-सखलपणा, जुनं पॉलिश किंवा रंग, यासाठी त्याला तोड नाही. पाट, चौरंग, टेबलाचा टॉप, झोपाळ्याची फळी, दाराची चौकट अशा भरीव लाकडाच्या सपाट कामात तो कामाला येतो.

पण पॉलिश करण्याआधीचा शेवटचा गुळगुळीतपणा हे त्याचं काम नाही. त्यासाठी ऑर्बिटल सँडर घ्या किंवा हाताने पेपर मारा. आणि व्हिनिअरच्या प्लायवर तर बेल्ट सँडर लावूच नका. वरचा सागाचा थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. एका जागी दोन सेकंद मशीन थांबलं की खालचा प्लाय दिसायला लागतो, आणि तो शीट गेला म्हणून समजा.

म्हणजे तुमचं बहुतेक काम प्लाय आणि लॅमिनेटचं असेल, तर हे मशीन आत्ता घेऊ नका. पैसे वाचले, धडा इथेच वसूल!

पायरी 2 : बाजारात जा आणि बेल्टची चौकशी करा

मशीनचं नावही काढू नका. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, नाहीतर तुमच्या तालुक्याच्या गावातली हार्डवेअरची दोन-तीन दुकानं गाठा. तीन प्रश्न विचारा: कोणत्या मापाचे बेल्ट नेहमी ठेवता? कोणते नंबर मिळतात? एक केवढ्याला, दहा घेतले तर केवढ्याला?

हाती धरून चालवायच्या सँडरची नेहमीची मापं अशी:

- 3 × 18 इंच, म्हणजे 75 × 457 मिमी
- 3 × 21 इंच, म्हणजे 75 × 533 मिमी
- 4 × 24 इंच, म्हणजे 100 × 610 मिमी

पहिला आकडा रुंदी, दुसरा पूर्ण घेर. घेरात थोडा जरी फरक असला, तरी बेल्ट बसत नाही. "साधारण तेवढाच आहे" हे इथे चालत नाही. जे माप किमान दोन दुकानांत तयार मिळतं, त्याच मापाचं मशीन घ्यायचं.

नंबर म्हणजे खरखरीतपणा. आकडा लहान, तेवढा बेल्ट जास्त खातो. जुना रंग काढायला 40 किंवा 60, रंध्याच्या खुणा घालवायला 80, मग 120. चौरंग-पाटाच्या कामाला 80 आणि 120 हे दोन नंबर कायम घरात हवेत.

पायरी 3 : तीन इंची की चार इंची?

चार इंची मशीन ताकदीचं, काम भराभर उरकणारं, पण वजन साधारण सहा किलोच्या आसपास. टेबलाचे टॉप, दारं अशी मोठी कामं रोज असतील तर ते घ्या. तीन इंची मशीन बरंच हलकं, अडीच-साडेतीन किलोचं. पाट, चौरंग, देव्हाऱ्याच्या फळ्या यांना ते पुरतं आणि नवशिक्याच्या हातात आवरतं.

दुकानात मशीन हातात धरून बघा. पाच मिनिटं धरून मनगट दुखलं, तर दिवसभर काय होईल? घरातल्या बाईमाणसानेही चालवायचं असेल, तर त्यांनाही सोबत न्या. जो चालवणार, त्याने निवडायचं.

वेग कमी-जास्त करायचं चाक असेल तर उत्तम. पूर्ण वेगात मशीन हातातून पुढे पळतं. शिकताना कमी वेगावर चूक झाली तरी लाकूड वाचतं.

पायरी 4 : काउंटरवर तपासायच्या गोष्टी

1. बेल्टची रांग. मशीन चालू करून बघा. बेल्ट एका बाजूला सरकतो का? कडेचा स्क्रू फिरवून तो मध्ये आणता येतो का, आणि तिथे टिकतो का? सारखा सरकणारा बेल्ट कडेने फाटतो.
2. बेल्ट बदलणं. खटका ओढला की बेल्ट सैल झाला पाहिजे. दुकानदाराला विचारून स्वतः एकदा बदला. बेल्टच्या आत बाण असेल, तर त्याच दिशेने बसवायचा. बदलताना प्लग काढलेला हवा.
3. खालची प्लेट. बेल्टच्या आत जी सपाट पट्टी असते, ती झिजते. ती वेगळी मिळते का?
4. कार्बन ब्रश. हे तर संपणारच. बाहेरून स्क्रू काढून बदलता येतात का, आणि गावात मिळतात का?
5. धुळीची पिशवी. व्हॅक्यूमचा पाइप जोडायची सोय असेल तर आणखी चांगलं.
6. व्होल्टेज. आपल्याकडे 230 व्होल्ट. बाहेरून आलेली स्वस्त जुनी मशीनं कधीकधी 110-120 व्होल्टची असतात. थेट प्लगला लावली की जळतात.

ब्रँड कोणता? मकिता, बॉश यांची नावं तुम्हाला माहीत आहेत. पण मी नाव सांगण्यापेक्षा एक प्रश्न सांगतो: "याचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे?" उत्तर तुमच्या गावापासून एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावरचं हवं. तिथे फोन करून आर्मेचर आणि कार्बन ब्रश मिळतात का, हे आधीच विचारा. बिल जीएसटीचंच घ्या. कच्च्या पावतीवर वॉरंटी मागता येत नाही. तुमची नेहमीची जीएसटी नोंदणी असेल, तर भरलेल्या कराचं क्रेडिटही मिळतं. कंपोझिशन योजनेत असाल तर मिळत नाही.

पायरी 5 : मशीन किती दिवसांत फिटेल?

खालचे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा, एक चौरंग हाताने घासायला 40 मिनिटं आणि मशीनने 10 मिनिटं लागतात. म्हणजे चौरंगामागे अर्धा तास वाचला. महिन्याला 30 चौरंग, म्हणजे 15 तास. तासाला 100 रुपये मजुरी धरली, तर 1,500 रुपये वाचले. एका बेल्टमध्ये सहा चौरंग होतात, बेल्ट 60 रुपयांचा. पाच बेल्टचे 300 गेले. हातात 1,200. मशीन 12,000 चं असेल, तर दहा महिन्यांत फिटलं.

आता हेच महिन्याला सहा चौरंगांवर करा. तीन तास वाचले, 300 रुपये. बेल्टचे 60 गेले, उरले 240. बारा हजार फिटायला पन्नास महिने! चार वर्षांहून जास्त. अशा वेळी मशीन भाड्याने आणा, नाहीतर महिन्याचं घासायचं काम साठवून ओळखीच्या सुताराकडे एका दिवसात उरकून घ्या. ऑर्डर वाढली की घ्या.

भांडवलाचं म्हणाल तर पीएम विश्वकर्मा योजना माहीत करून घ्या. 17 सप्टेंबर 2023 पासून सुरू झालेल्या या योजनेत सुतारकाम आहे. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत 5 टक्के व्याजाने कर्ज, अशी तरतूद आहे. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. पात्रतेची चौकशी जवळच्या सामायिक सेवा केंद्रात करा.

पायरी 6 : मशीन टिकवायचं कसं

- प्लग लावण्याआधी स्विच लॉक झालेला नाही ना, ते बघा. नाहीतर मशीन टेबलावरून स्वतःच पळत सुटतं.
- फळी क्लॅम्पने घट्ट धरा. वायर खांद्यावरून मागे टाका.
- आधी चालू करा, मग अलगद सपाट टेकवा. रेषांच्या दिशेने सतत फिरवत राहा. चालू असतानाच उचला, मग बंद करा.
- दाब देऊ नका. मशीनचं वजनच पुरेसं असतं. दाबल्याने मोटर तापते आणि बेल्ट भरतो.
- पॅलेटचं पाइन लाकूड वापरत असाल, तर आधी सगळे खिळे काढा. एक खिळा बेल्ट फाडतो आणि त्याची ठिणगी पिशवीतल्या भुशाला आग लावू शकते. पिशवी रोज रिकामी करा. पॅलेटवर 'एमबी' असा शिक्का असेल, तर त्याला मिथाइल ब्रोमाइड वायूची प्रक्रिया झालेली असते. असं लाकूड घासू नका. 'एचटी' म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं.
- पावसाळ्यात, खास करून कोकणात, बेल्ट दमट होऊन जोडावर सुटतात. खिळ्याला टांगू नका, घडी पडते. जाड पाइपवर अडकवा, कोरड्या जागी ठेवा.
- मास्क लावाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या गटात ठेवलेली आहे. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. एन95 किंवा एफएफपी2 मास्क आणि गॉगल हवा. त्याचा खर्च मशीनच्या किमतीतच धरा.

आजचा गृहपाठ

या आठवड्यात मशीन घ्यायचं नाही. वहीत चार ओळी लिहायच्या: महिन्याला किती नग घासायचे आहेत, कोणत्या मापाचा बेल्ट कोणत्या दोन दुकानांत मिळतो, सर्व्हिस सेंटर कुठे आहे, आणि मशीन किती महिन्यांत फिटेल. चारही ओळी भरल्या की मगच दुकानात जा. आणि मशीनसोबत किमान दहा बेल्ट आणि कार्बन ब्रशची एक जोडी त्याच दिवशी घ्या.

माझे बारा चौरंग वर्षभर माळ्यावर पडून होते. तुमचे राहू नयेत.

भेटू पुढच्या धड्यात. कामाला लागा!