मोटारीचा पंखा आणि कारखानदाराचे कर्तव्य

मोटारीच्या इंजिनात इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा थोडाच भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेली बाहेर टाकावी लागते. त्याकरिता इंजिनाभोवती पाणी खेळवून ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून नेतात. गाडी धावत असता समोरचा वारा त्या नळ्या थंड करतो; परंतु रेल्वे फाटकापाशी गाडी उभी राहिली की ते काम विजेच्या पंख्यास करावे लागते. परभणीच्या वैशाखात पारा ४२ अंशांवर चढला असता या पंख्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

पंखा फिरेनासा झाला तर पाणी उकळून इंजिन निकामी होते. त्याची मोटर अडकली अथवा तारांचा सांधा सैल झाला, तर तारा तापून आगही लागू शकते.

एका गाडीचा पंखा बिघडला तर तो योगायोग असेल. परंतु एकाच घडणीच्या अनेक गाड्यांत तोच बिघाड आढळला, तर तो घडणीचा दोष होय. अशा वेळी कारखानदाराने त्या गाड्या परत बोलावून विनामूल्य दुरुस्त करणे, यास ‘रिकॉल’ म्हणतात. २०१० साली काही नॅनो गाड्यांना आगी लागल्यावर टाटा मोटर्सने सर्व नॅनोधारकांस जादा संरक्षक भाग फुकट बसवून देऊ केले. मात्र त्यास रिकॉल म्हटले नाही. २०१२ साली कारखानदारांच्या संघाने याविषयी स्वेच्छेचे नियम केले. पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ घालण्यात आले. १ एप्रिल २०२१ पासून, सात वर्षांच्या आतील वाहनांत सुरक्षिततेस बाधक दोष ठरल्यास सरकार रिकॉलची आज्ञा देऊ शकते, व दंड १ कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो.

परंतु कारखानदाराने बोलाविले तरी मालकास कळावयास हवे. गाडी दुसऱ्या हातची असल्यास सूचनेचे पत्र पूर्वीच्या मालकाकडे जाण्याचा संभव असतो, आणि दोष नव्या मालकाच्या घरी राहतो. म्हणून आमची विद्यार्थ्यांस सूचना आहे की, घरी मोटार असल्यास आरसी बुकातील १७ अक्षरांकांचा चेसिस नंबर उतरून घ्यावा, आणि वडिलांकरवी कंपनीच्या अधिकृत दुरुस्तीखान्यात चौकशी करावी. या चौकशीस पैसा पडत नाही. तसेच तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, व पंख्याजवळ हात नेऊ नये. काही गाड्यांत इंजिन बंद असताही तो अकस्मात फिरू लागतो.

आपल्या मालातील दोष स्वतः होऊन जाहीर करणाऱ्या कारखानदारास हसू नये. दोष झाकणाराच अधिक भयंकर, हे आम्ही सर्वांनी ध्यानी धरावे.