इटालियन क्रियापदांतला आघात



इटालियन क्रियापदाच्या रूपात प्रत्ययाइतकेच महत्त्व आघाताच्या जागेला आहे. लेखनात ही जागा सहसा एकाच वेळी दिसते: आघात शेवटच्या अक्षरावर असला तर. ‘पार्लो’ म्हणजे मी बोलतो; त्याच्या अंत्य स्वरावर चिन्ह आले की अर्थ होतो ‘तो बोलला’. इतर रूपांत चिन्ह नसते, आणि शिकणारा तिथेच अडखळतो.

अक्षरे पाडताना देवनागरीची सवय अर्धीच उपयोगी पडते. द्वित्त फुटते: ‘लेज्जेरे’ (वाचणे) म्हणजे लेज्-जे-रे. ‘पार्लो’ही पार्-लो. ‘स’ मात्र पुढच्या व्यंजनाला धरून राहतो: का-पी-स्को. ‘पार्लियामो’मधले ‘लिया’ हे एकच अक्षर मोजायचे.

बहुतेक रूपांत आघात उपान्त्य अक्षरावर पडतो. वर्तमानकाळात मात्र तो जागा बदलतो. एकवचनाची तिन्ही रूपे आणि ‘ते’चे रूप यांत तो सहसा धातूवर असतो, ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’च्या रूपांत प्रत्ययावर. ‘आबितारे’ म्हणजे राहणे. ‘आबितो’मध्ये जोर पहिल्या ‘आ’वर, ‘आबितियामो’मध्ये ‘तिया’वर, आणि ‘आबितानो’मध्ये पुन्हा पहिल्या ‘आ’वर, म्हणजे शेवटून चौथ्या अक्षरावर. इथे ‘ता’वर जोर देणे ही अगदी नेहमीची चूक. ‘कापितो’ हा शब्द तर तीन प्रकारे उच्चारला जातो: जोर ‘का’वर असेल तर ‘मी अचानक येऊन पोचतो’, ‘पि’वर असेल तर ‘समजलेले’, ‘तो’वर असेल तर ‘घडले’.

‘एरे’ने संपणाऱ्या मूळ रूपांना एक नियम नाही. ‘वेदेरे’ (पाहणे) यात जोर दुसऱ्या अक्षरावर, ‘लेज्जेरे’त पहिल्या. कोश उघडणे भाग आहे.

आज्ञार्थाला सर्वनाम जोडले तरी आघात हलत नाही. म्हणून ‘कोमूनिकामेलो’ (मला ते कळव) यात तो ‘मू’वर, शेवटून पाचव्या अक्षरावर राहतो. द्वित्ताकडेही तितकेच लक्ष हवे: ‘पार्लेरेमो’ हा भविष्यकाळ, ‘पार्लेरेम्मो’ हा संकेतार्थ. ‘पता’ आणि ‘पत्ता’ वेगळे म्हणणाऱ्या मराठी जिभेला हे जड नाही.

नवे क्रियापद वहीत उतरवताना मूळ रूपाशेजारी ‘मी’चे रूप लिहावे, दोन्हींत आघाताच्या अक्षराखाली रेघ ओढावी, आणि ‘मी’, ‘आम्ही’, ‘ते’ ही तीन रूपे रोज मोठ्याने म्हणावीत.

— मामा