रंगाखालची ओल

ठाण्यातील ते घर आम्ही मे महिन्यात पाहिले, हीच पहिली चूक. कारण ताज्या डिस्टेंपरच्या वासात आणि पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या लख्ख उन्हात कोणतीही भिंत निर्दोषच दिसते. जुलैच्या मध्यास मुलीच्या खोलीत कुबट वास येऊ लागला, तिचा मूळचाच दमा रात्री बळावू लागला, आणि एका रविवारी लोखंडी कपाट पुढे ओढले तेव्हा त्यामागची भिंत कमरेच्या उंचीपर्यंत काळ्याहिरव्या बुरशीने माखलेली आढळली.

घरमालकांना फोन केला. ते तिसऱ्या आठवड्यात उगवले आणि भिंतीकडे ओझरते पाहून दोरीवरच्या कपड्यांकडे बोट दाखवीत म्हणाले, "अहो, घरात ओले कपडे वाळत घालता, खिडक्या लावून बसता, मग दुसरं काय होणार? इतक्या वर्षांत एका भाडेकरूची तक्रार नाही." त्यानंतर माझ्या पत्नीने चार दिवस कपडे जिन्यात नेऊन वाळविले, हे आठवले की आजही माझा संताप होतो.

ते गेल्यावर भिंतीचा सुटलेला एक पोपडा मी नखाने काढला आणि खिडकीशी नेऊन पाहिला. वर आमचा बदामी रंग, त्याखाली काळे ठिपके, त्यांच्याखाली फिकट निळा रंग, आणि त्याही खाली पुन्हा तेच काळे ठिपके. म्हणजे आमच्यापूर्वी निदान दोन वेळा ही बुरशी उगवली होती, निदान दोन वेळा तिच्यावर रंगाचा हात फिरला होता, आणि ज्या गृहस्थाने तो फिरविला तोच माझ्या घरात उभा राहून माझ्या पत्नीच्या गृहव्यवस्थेतील दोष काढून गेला होता.

दोष कोणाचा, हे ठरविण्याची एक साधी कसोटी मला उशिरा कळली. भिंत पुसून प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी कडांनी चिकटवावा व दोन दिवसांनी पाहावे. पाणी खोलीच्या बाजूस असेल तर ते हवेतील बाष्पाचे, भिंतीच्या बाजूस असेल तर ओल भिंतीतूनच येते. आमच्या तुकड्याची मागची बाजू निथळत होती. बाहेरच्या गिलाव्याला भेगा होत्या. पावसाच्या पाण्याची बाहेरून होणारी गळती थांबविणे आदर्श उपविधींप्रमाणे गृहनिर्माण संस्थेचे काम असते, पण संस्था सभासदाचा अर्ज घेते, भाडेकरूचा नव्हे. आणि मालकांनी तो अर्ज अखेरपर्यंत केला नाही.

कायद्याचे म्हणाल, तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे, करारात विरुद्ध कबुली नसल्यास, घर राहण्याजोगे राखणे मालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती न केल्यास भाडेकरूने ती स्वतः करून खर्च भाड्यातून वजा करावा, मात्र वर्षभरात वार्षिक भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक नाही. परंतु अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या दृष्टीने भाडेकरूच नसतो, हे मला वकिलाच्या खुर्चीसमोर बसल्यावर समजले. अशांना आधार १८८२ च्या ईझमेंट कायद्यातील कलम ५७ चा: जागेतील जो दोष राहणाऱ्याच्या जीवितास किंवा मालमत्तेस अपायकारक ठरण्याचा संभव आहे, तो मालकास ठाऊक असून राहणाऱ्यास ठाऊक नसेल, तर मालकाने तो उघड केला पाहिजे. तेव्हा करारातच "गळती, ओल व तज्जन्य बुरशीची दुरुस्ती मालकाने करावी" असे कलम घालून घ्या, आणि "अंतर्गत दुरुस्ती वापरणाऱ्याकडे" हे मोघम वाक्य खोडून घेतल्याखेरीज सही करू नका. करार नीट वाचावा, हे तर झालेच.

मी सगळ्या तक्रारी फोनवर केल्या. घराचा ताबा परत देताना अनामत रकमेतून १५,००० रुपये त्याच भिंतीच्या रंगकामापोटी कापले गेले, तेव्हा दाखवावयास माझ्यापाशी एकही तारीख नव्हती. पहिला डाग दिसताच छायाचित्र काढा, लेखी कळवा आणि पोच घ्या. रंगारी पाठवितो म्हणाले तर आधी ओल थांबवा म्हणावे, कारण रंगाच्या एका हातासरशी पुरावाच झाकला जातो.

निघताना शेजारच्या काकू म्हणाल्या, की आधीचे कुटुंबही याच भिंतीपायी गेले. त्यांना मे महिन्यातच विचारावयास हवे होते. रकमेची मागणी मी आता पोचपावतीच्या टपालाने धाडली असून त्या पोपड्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.